गाडी दारात आली तर

आमच्या भावकीत चाक असलेली कुठलीही वस्तू घ्यायची तर शेवटचा शब्द माझ्या वडिलांचा. माझं लग्न ठरवताना त्यांना कुणी विचारलं नाही, राजारामपुरीतला फ्लॅट घेताना मीसुद्धा विचारलं नाही. पण ट्रॅक्टर असो, टेम्पो असो, नाहीतर कुणाच्या जावयाची मोटारसायकल असो, आधी आप्पांना घेऊन जायचं. आप्पा जन्मभर सरकारी लाल बसवर ड्रायव्हर. ते गाडीत बसत, चप्पल काढत, अनवाणी पाय खालच्या पत्र्यावर टेकवत आणि डोळे मिटून थोडा वेळ इंजिन ऐकत. मग म्हणत, ‘घे.’ नाहीतर म्हणत, ‘नको.’ त्यावर अपील नव्हतं.

दुसऱ्या कुणी स्टिअरिंग धरलं की मात्र त्यांचा उजवा पाय गप्प बसत नसे. शेजारच्या सीटवर बसून ते ब्रेक दाबत. तिथं ब्रेक नसतो हे त्यांना माहीत, पण पायाला कोण सांगणार? म्हैस आडवी आली, दाब. वळण आलं, दाब. मला गाडी त्यांनीच शिकवली. मी आता पन्नाशीला टेकले, कोल्हापूरच्या ट्रॅफिकमधून रोज गाडी काढते, तरी मी चालवायला लागले की त्यांचा पाय सुरू. मी चिडायची. ‘आप्पा, माझ्या पायाखाली एक ब्रेक हाय, तेवढा पुरे की!’ ते म्हणत, ‘तू चालीव. मी काय म्हंतोय?’ आणि पुढच्या वळणाला परत दाबत.

तर त्या आप्पांना नेसरीहून कोल्हापूरला आणण्यासाठी आम्ही गाडी घेतली, त्याची ही गोष्ट.

आई गेल्यापासून आप्पा नेसरीजवळच्या आमच्या माळावरच्या घरात एकटे. घर काही जुनं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतः उभं राहून बांधलेलं, दोन खोल्या, पुढं बसायला कट्टा, भोवती काजूची झाडं आणि कोंबड्या. डांबरी रस्ता खाली राहतो आणि घरापर्यंत एक चढ आहे. उन्हाळ्यात त्या चढावर कुठलीही गाडी जाते. पावसाळ्यात तिथल्या तांबड्या मातीचं लोणी होतं. माणूस काठी टेकत चढतो, गाडी नुसती जागेवर चाकं फिरवते. रिक्षावाले खालीच उतरवतात. ॲम्ब्युलन्सही वर जात नाही, हे आम्हाला गेल्या पावसाळ्यात कळलं.

गेल्या पावसाळ्यात त्यांना ताप आला. मी फोन केला की म्हणायचे, ‘बरा हाय, जेवलोय, ठेव.’ खरं तर ते अंथरुणातून उठतही नव्हते. चढाच्या पायथ्याशी ज्यांचं घर आहे त्या काकू दुधाचं भांडं न्यायला वर गेल्या, तर दार सताड उघडं, कोंबड्या स्वयंपाकघरात आणि आप्पा फरशीवर. गावातल्या चौघांनी घोंगडीची झोळी करून त्यांना खाली आणलं. गडहिंग्लजच्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा त्यांच्या छातीतून जुन्या इंजिनासारखी घरघर येत होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. ‘या खेपेला निभावलं,’ म्हणाले, ‘पुढच्या पावसात यांना एकटं ठेवू नका. छाती परत भरली आणि असंच पडून राहिले तर हाताला लागणार नाहीत.’ मी हो म्हणाले. डॉक्टरांना हो म्हणायला काय जातंय? आप्पांना कोण सांगणार?

आप्पांना आजाराचं काही वाटलं नव्हतं. त्यांना झोळीचं लागलं होतं. ‘जित्तेपणी मला चौघांनी उचललं,’ एवढंच ते महिनाभर येईल त्याला सांगत होते. दिवाळीत मी माहेरी गेले आणि ठाण मांडून बसले. रडले, भांडले, जेवले नाही. सगळी हत्यारं काढली. शेवटी ते कट्ट्यावर येऊन बसले आणि म्हणाले,

‘हे बघ अक्का. कुणाच्या खांद्यावरनं मी जाणार न्हाय. काठी टेकत चिखलातनं खाली बी उतरणार न्हाय, लोकं बघत्यात. भर पावसात तुझी गाडी ह्या दारात आली, तर बसतो. पावसाळाभर ऱ्हातो तुझ्याकडं. शब्द दिला.’

मला गल्लीतली पोरं अक्का म्हणायची, म्हणून तेही म्हणतात. आणि त्यांचा शब्द म्हणजे काय ते आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. रात्रीच्या मुक्कामाची बस घेऊन जाताना वाटेवरच्या कुणा म्हातारीला गोळ्या आणून देतो म्हणाले, तर गाडी बंद पडली तरी मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्या हाती त्या गोळ्या पोचत्या करणारा हा माणूस. मी मनात म्हटलं, जिंकले. आता फक्त गाडी पाहिजे.

माझी जुनी बारकी गाडी त्या चढाची नव्हेच. उंच गाडी पाहिजे, आणि नुसती उंच असून भागणार नाही, तिची चारी चाकं ओढणारी पाहिजेत. हे मी शिकून घेतलं. मी शिकवण्या घेणारी बाई. एकदा विषय हातात घेतला की धडा संपवल्याशिवाय सोडत नाही. बहुतेक उंच गाड्या नुसत्या दिसायला दांडग्या, इंजिनाची ओढ फक्त पुढच्या दोन चाकांना. चढाला चिखल लागला की पुढची चाकं गरागरा फिरतात आणि मागची नुसती बघत बसतात. ऑल व्हीलवाल्या गाडीत मागचीही ढकलतात. नवी आमच्या आवाक्यातली नव्हती, म्हणून जुन्यात शोधायची. आमचे हे बँकेत, यांनी उभ्या जन्मात स्कूटरशिवाय काही चालवलं नाही. पण प्रत्येक गाडी बघून विचारायचे, ‘ॲव्हरेज किती देती?’ कोल्हापुरात गाडीची चौकशी या प्रश्नानं सुरू होते आणि इथंच संपते. ऑल व्हील पेट्रोल जास्त पिते कळल्यावर यांचं तोंड उतरलं. मी म्हटलं, ‘आप्पा जास्त का ॲव्हरेज जास्त?’

हायवेच्या कडेला एका चाचांचा जुन्या गाड्यांचा धंदा आहे. हे चाचा पूर्वी गडहिंग्लजला मिस्त्री होते, आप्पांची त्यांची तेव्हापासूनची ओळख. त्यांच्याकडे एकाच कंपनीच्या दोन गाड्या उभ्या होत्या. पांढरी पुढच्या चाकांची, राखाडी चारी चाकांची. मी राखाडीवर हात ठेवला आणि चाचांना म्हटलं, ही माझी. फक्त आप्पांनी एकदा ‘घे’ म्हणायचं राहिलं.

आता बघा शहाणपणा. ज्याला घरातून उठवून आणायचं, त्यालाच ती गाडी पारखायला नेलं. यांनी सुचवलं नाही, मी सुचवलं नाही, कुणी सुचवलंच नाही. आमच्यात दुसरं काही सुचतच नाही.

आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. पांढरी गाडी त्यांनी हायवेवर जरा फिरवून आणली. मग राखाडी घेतली, मला शेजारी बसवलं आणि तडक एका दगडाच्या खाणीकडे नेली. तिथं खडी सांडलेला असा चढ होता की मी हँडल घट्ट धरलं. गाडी पायरी चढावी तशी सहज वर गेली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या! वर गेल्यावर आप्पांनी गाडी उभी केली, चप्पल काढली, पाय टेकवले, डोळे मिटले. बराच वेळ बसले. इतका वेळ मी त्यांना कुठल्याच गाडीत बसलेलं बघितलं नव्हतं.

‘नको,’ म्हणाले.

‘का?’

‘मागं घों घों करतंय.’

‘मला काय ऐकू येईना ते!’

‘तुला कसं यील? पोरांचा दंगा ऐकून कान गेल्यात तुझं.’

परत आल्यावर चाचा म्हणाले, ‘ड्रायव्हरसाब, काय बोलताय? अल्लाशपथ, गाडी ठणठणीत हाय.’ आप्पा त्यांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना गाड्यांच्या मागं घेऊन गेले, काहीतरी दाखवायला. चाचा परत आले ते जमिनीकडे बघत. ‘म्हणत असतील तर असंल, बेटी. पांढरी घ्या.’ आमचे हे लगेच म्हणाले, ‘आणि ॲव्हरेजही चांगलं आहे.’

मी हट्ट सोडला नाही. भर आवारात विचारलं, ‘आप्पा, ही पांढरी आपला चढ चढंल का?’

‘चढतीया की. चालवणाऱ्यावर हाय,’ आप्पा म्हणाले.

आप्पांनी नको म्हटलेली गाडी आजवर भावकीत कुणी घेतली नव्हती. पांढरी घेतली.

गाडी आधी नृसिंहवाडीला नेली. दत्ताचं दर्शन झालं, हार घातला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. चाकाखाली ठेवायला मी चार लिंबं घेतली होती. आप्पांनी दोन पुढच्या चाकांखाली ठेवली आणि दोन खिशात टाकली. मी म्हटलं, ‘आप्पा, चारी चाकांना ठेवायची असतात.’ ते म्हणाले, ‘मागची चाकं काय करत्यात? नुसती मागनं येत्यात. त्यास्नी कशाला लिंबू?’ सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन त्यांनी त्या दोन लिंबांचं सरबत केलं आणि मला दिलं.

पाऊस लागला. मी पहिल्या खेपेला गेले ती ऐटीत. गादी घातली होती, त्यांच्यासाठी खोली रिकामी केली होती, गॅलरीत खुर्ची ठेवली होती. संकेश्वर, गडहिंग्लज करत नेसरी गाठली, डांबरीवरून गाडी आत वळवली आणि चढाला घातली. पांढरी जेमतेम निम्म्यात गेली. मग पुढची चाकं फिरायला लागली, नुसती फिरायला लागली, आणि गाडी हळूहळू मागं घसरत परत पायथ्याला आली. वर बघितलं तर आप्पा कट्ट्यासमोर छत्री धरून उभे.

‘काय झालं?’ वरून ओरडले.

‘येईना वर!’

‘मग ऱ्हाऊ दे. पुढल्या बारीला बघू.’

‘आप्पा, चालत या की खाली! मी येते वर, हात धरते!’

‘शब्द काय हुता?’

चिखल तुडवत मी वर गेले. त्यांनी चहा करून दिला, कोंबडीची अंडी बांधून दिली आणि परत पाठवलं. जाताना छत्री घेऊन परत त्याच जागी उभे. मी खाली गाडीत बसून ढसाढसा रडले, कुणाला कळू नये म्हणून वायपर बंद करून.

पुढच्या रविवारी परत. या वेळी चाकाखाली खडी टाकली, पोती टाकली. चाकांनी पोती मागं भिरकावली आणि काकूंच्या अंगणात चिखलाचा सडा घातला. त्यानंतर एकदा ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढून बघितली, तर ट्रॅक्टरच आडवा व्हायला लागला, ट्रॅक्टरवाल्यानं हात जोडले. दर खेपेला आप्पा वर छत्रीखाली, दर खेपेला तेच. ‘पुढल्या बारीला बघू.’ एकदा तर म्हणाले, ‘क्लच जळतोय तुझा. वास आला.’ वरून, एवढ्या लांबून, वास आला त्यांना!

आणि मधले दिवस? मधल्या दिवसांचं काय सांगू. मी वर्गात बीजगणित शिकवत असायची आणि फोन टेबलावर उताणा. सकाळी त्यांनी एका रिंगमध्ये उचलला तर बरं. दुसऱ्यात नाही उचलला की लगेच काकूंना फोन, ‘जरा वर बघून येता का?’ त्या बिचाऱ्या भिजत वर जायच्या आणि आप्पा त्यांच्यावर ओरडायचे. हळूहळू फोनवर खोकला ऐकू यायला लागला. ते फोन तोंडापासून लांब धरून खोकायचे, मला कळू नये म्हणून, आणि मला तो लांबचाच खोकला जास्त ऐकू यायचा. खोली तयार, डॉक्टर गल्लीत, गाडी दारात. फक्त माझ्या दारात होती, त्यांच्या नाही. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत झाली होती माझी. जबरदस्तीनं उचलून आणावं तर ते पुन्हा माझं तोंड बघणार नाहीत, नाही आणावं तर एक दिवस काकूंचा फोन येणार. देवाला नवस बोलले. यांच्यावर ओरडले. यांनी ॲव्हरेजचं नाव काढायचं सोडून दिलं.

एका दुपारी मी रागारागानं गाडी चाचांकडे नेली. खाली उतरल्या उतरल्या तोंड सोडलं. असली कसली गाडी गळ्यात मारली, वर्षाचा पाऊस निघून चाललाय, माझे वडील तिकडं खोकत बसलेत, परत घ्या तुमची गाडी. चाचांनी खुर्ची पुसून मला बसायला दिली. मग म्हणाले,

‘बेटी, मी तुमास्नी राखाडी देत हुतो.’

‘तिचा आवाज येत होता ना?’

चाचांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. ‘कसला आवाज? ती दुसऱ्याच आठवड्यात गेली. आजऱ्याच्या एका माणसानं नेली, माळावर पळवतोय. ड्रायव्हरसाबनी मला मागं नेऊन हात धरला. म्हनले, पुढच्या चाकाचीच दे हिला, तोंड उघडू नको, तुला माझी शपथ. मी काय करू? त्यांनी माझ्यापायी लई केलंय.’

घों घों म्हणे! आणि मी कानांचा दोष समजून गप्प बसले होते.

जायला उठले तेव्हा चाचा मागून आले. त्यांच्या पोटात राहत नव्हतं ते. ‘आन एक सांगू का बेटी. पुढच्या चाकाची गाडी असल्या चढाला सरळ घालायचीच न्हाय. चढावर वजन मागं सरतंय, पुढची चाकं हलकी पडत्यात. उलटी घाला. रिवसमध्ये. मग इंजनाचं सगळं वजन ओढत्या चाकावर ऱ्हातंय.’ मग म्हणाले, ‘ड्रायव्हरसाबनी सांगिटलं न्हाय?’

नाही. ड्रायव्हरसाहेबांनी सांगितलं नाही. ड्रायव्हरसाहेब छत्री धरून उभे होते आणि त्यांच्या पोरीची चाकं चिखलात फिरत होती.

त्या रविवारी मी कुणाला सांगितलं नाही. यांना घेतलं नाही. पाऊस असा होता की काजूची झाडं दिसत नव्हती. डांबरीवर गाडी पुढं नेली, थांबवली, रिव्हर्स टाकला आणि मान मागं वळवून पाठीकडून चढाला घातली. मधे एकदा चाक घसरलं, मग धरलं. गाडी कुरकुरत, वाकडीतिकडी, पण वर चालली. काकू दारात येऊन बघत होत्या. मागच्या काचेतून मला आधी छत्री दिसली, मग आप्पा. ते नेहमीच्या जागेवर आले होते. मी येत राहिले तसे ते एक एक पाऊल मागं सरत गेले, कट्ट्याला टेकेपर्यंत.

मी इंजिन बंद केलं. गाडीची पाठ कट्ट्याला, तोंड आधीच कोल्हापूरकडे.

‘कुणी सांगिटलं?’ आप्पांनी विचारलं.

‘चाचांनी. सगळंच सांगितलं.’

त्यांनी छत्री मिटली. पावसात तसेच उभे राहिले. मी मनाशी काय काय घोकून आले होते. फसवलं, माझे हाल केले, लाज नाही वाटली? त्यातलं काहीच बाहेर आलं नाही. नुसतं, ‘का आप्पा?’

‘तुला न्हाय म्हनता येईना,’ ते म्हणाले. ‘दिवाळीत तू जेवली न्हाईस. शब्द दिऊन बसलो. आन ती राखाडी खाणीवर अशी चढली की... माझं पायच गार पडलं. ही तर दारात येतीया, म्हटलं.’

‘आणि इथं एकटे पडून राहिला असता म्हणजे?’

‘पडलो असतो.’ मग कट्ट्यावर बसले, खोकले. आज फोन लांब धरायला नव्हता. ‘अक्का, जन्मभर मुक्कामी गाडी चालीवली मी. गाडी शेवटच्या गावाला लावायची, तिथंच बाकड्यावर झोपायचं, सकाळी काढायची. तुझी आई एकटी, तू एकटी. कुठल्या कुठल्या गावात झोपलो, नाव सांगता यायचं न्हाय. एकच म्हनायचो, नोकरी सुटली की आपल्या दारात झोपायचं. हितनं कुठं जायचं न्हाय. तुझी खोली चांगली हाय ग. पन मला त्यो मुक्कामच की.’

खूप वाटलं, म्हणावं, राहा आप्पा. नका येऊ. अगदी जिभेवर आलं. पण त्यांची छाती घरघर वाजत होती, मागं दवाखान्यात ऐकली होती तीच, आणि ती माझ्या कानांना अगदी स्वच्छ ऐकू येत होती. मी म्हणाले नाही. राहा म्हणायला धीर लागतो, चला म्हणायलाही लागतो, माझ्याकडे दोन्ही नव्हते. मी नुसती गाडीच्या दाराला हात लावून उभी राहिले.

आप्पाच उठले. ‘गाडी दारात आली,’ म्हणाले, ‘शब्द हाय.’

आत जाऊन ते पिशवी घेऊन आले. मुक्कामाला न्यायचे तीच. पंचा, तांब्या, एक चादर, दाढीचं सामान. कपाटात कपडे होते, ते घेतले नाहीत. मी म्हटलं, ‘आप्पा, पावसाळाभर राहायचंय.’ ते म्हणाले, ‘एवढं पुरतंय.’ कोंबड्यांचं काकूंना सांगितलं. दाराला कडी घातली, कुलूप लावलं, ओढून बघितलं, परत ओढून बघितलं. मग माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसले आणि चप्पल काढली.

मी गाडी उताराला घातली. चढापेक्षा तो उतार वाईट. चिखलावर चाक धरत नाही, ब्रेक मारावा तर गाडी आडवी होते. मधल्या वळणाला मागचा भाग सरकला, गाडी बांधाकडे निघाली, मी कशीबशी सावरली. सवयीनं माझी नजर त्यांच्या पायाकडे गेली. उजवा पाय पत्र्यावर तसाच पडला होता. हलला नाही.

‘आप्पा,’ मी म्हटलं, ‘ब्रेक दाबा की.’

ते समोर बघत होते. ‘तुझी गाडी हाय,’ म्हणाले. ‘तू बघ.’

डांबरीला लागेपर्यंत मी गाडी हळू, आणखी हळू नेत राहिले. त्यांनी एकदा ‘थांब’ म्हणावं म्हणून वाट बघत होते. म्हणाले असते तर तिथल्या तिथं रिव्हर्स टाकला असता, देवाशपथ. ते काही म्हणाले नाहीत. डांबरी आली. गडहिंग्लज गेलं, संकेश्वर गेलं, हायवेला ट्रक आडवे आले, कुत्री आली, एक मोटारसायकलवाला तर अगदी बॉनेटपुढून निघून गेला. ते अधूनमधून खोकत होते, मी सारखी खाली बघत होते. राजारामपुरीपर्यंत तो पाय हलला नाही.